दारात हत्ती आला तर? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत रानहत्तींचे कळप नाहीत. तरी हत्ती इथे येतो. माहूत त्याला घेऊन गावोगाव फिरतो, लग्नात नवरदेव अंबारीत बसतो, जत्रेत पालखीपुढे हत्ती चालतो. दुसरीकडे गडचिरोली, छत्तीसगड, ओडिशातून करंटच्या तारेने हत्ती मेल्याची बातमी येते, आणि तशीच तार रानडुकरांसाठी आपल्याही शिवारात लावलेली असते. लोक आम्हाला विचारतात ते या दोन्ही गोष्टींबद्दल.

गावात माहूत हत्ती घेऊन आलाय. बाया ओवाळतायत, लेकरांना पोटाखालून काढतायत. दक्षिणा द्यावी का?

देऊ नका. गणपतीचं रूप दारात आलं, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, हा भाव आम्हाला कळतो. पण हत्तीला रस्त्यावर ठेवतात ते या दहा-वीस रुपयांनीच. शंभर घरांनी हात आखडला तर पुढच्या वर्षी तो हत्ती त्या वाटेने येत नाही.

फिरवायला आणतात ती बहुतेक वेळा हत्तीण असते, आणि एकटी असते. रानात हत्तीण कधी एकटी राहत नाही. आई, मावश्या, बहिणी, त्यांची पिल्लं असा तो गोतावळा असतो, वयाने मोठी हत्तीण पुढे चालते आणि लेकी जन्मभर तिच्यासोबत राहतात. नर मात्र वयात आला की कळप सोडतो. म्हणजे रस्त्यावर फिरवली जाते ती नेमकी एकटेपण न सोसणारी.

काही द्यायचंच असेल तर पाणी द्या. टिपाडभर, म्हणजे २०० लिटर स्वच्छ पाणी सावलीत ठेवा आणि माहुतालाच पाजू द्या. एका वेळी सोंडेत आठ-दहा लिटर पाणी मावतं. दिवसाची तहान १०० ते २०० लिटरची असते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लेकरांना पोटाखालून मुळीच काढू नका. पायाजवळ, पोटाखाली अचानक काही हललं की हत्ती बिचकतो, आणि तीन टनांच्या जनावराने नुसता पाय हलवला तरी हाड मोडतं.

हत्ती सारखा डोलत असतो. खुशीत आहे ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच एका गोष्टीचा आहे, म्हणून जरा थांबून बघा. हत्ती जागेवर उभा आहे. डोकं डावीकडून उजवीकडे, मग परत डावीकडे, घड्याळाच्या लंबकासारखं. पुढचा एक पाय थोडा उचलला जातो, टेकतो, पुन्हा उचलला जातो. सोंड त्याच तालात झुलते. हलगी वाजत असो नसो, समोर माणसं असोत नसोत, ताल बदलत नाही. दहा मिनिटांनी परत या, तेच चाललेलं असतं.

रानात चरणारा हत्ती असा डोलत नाही. त्याला करायला शंभर कामं असतात. तो दिवसाचे चौदा ते अठरा तास खाणं शोधत हिंडतो, झाडाची साल सोलतो, चिखल अंगावर घेतो. साखळीत उभ्या हत्तीला यातलं काहीच नाही. लहानपणी आईपासून तोडलं, वर्षानुवर्षं बांधून ठेवलं, की हे डोलणं अंगात मुरतं. मोकळ्या जागी, दुसऱ्या हत्तींच्या सोबतीला नेल्यावर ते कमी होतं, पण पुष्कळदा पूर्ण जात नाही.

खुशीतला हत्ती ओळखायचा असेल तर कान बघा. कान सैल हलत असतात, शेपटी सहज झुलते, सोंड जमीन हुंगत, चाचपत फिरत असते. कान ताठ पसरलेले, शेपटी कडक आणि अंग थिजलेलं दिसलं तर तो घाबरलेला किंवा चिडलेला आहे. दूर व्हा.

एप्रिल-मे महिन्यात हत्ती डांबरी रस्त्याने चालवतात. त्याचा पाय तर जाड असतो, मग बिघडलं कुठे?

पायच बिघडतो. माणसाच्या ताब्यातल्या हत्तीच्या दुखण्यांत पायाचं दुखणं पहिलं येतं, आणि कितीतरी हत्ती त्यानेच जातात. म्हणून याचं उत्तर लांबलं तरी वाचा.

हत्ती खरं तर बोटांवर चालतो. बोटांच्या मागे चरबीची जाड गादी असते आणि तिच्याखाली तळव्याची कातडी. शरीराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर पडतं. सहसा पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला चार नखं असतात. माती, पालापाचोळा, नदीची वाळू यांवर रोज चाललं की नखं आणि तळवा आपोआप झिजतात. फरशीवर किंवा काँक्रीटवर बांधून ठेवलं की झीज थांबते, नखं वाढतात, कडेने चिरतात. खाली शेण-मूत साचून ओल राहते, ती चिरेतून आत जाते आणि पू होतो. पू हाडापर्यंत गेला की औषध पोचणं अवघड होतं.

डांबराचं वेगळं. मराठवाड्यात पारा ४२-४३ वर गेला की दुपारचं डांबर ६० अंशांच्या आसपास तापतं. हाताचा पंजा उलटा करून रस्त्यावर टेकवा. सात सेकंद ठेववला नाही तर त्या रस्त्यावर कुठल्याच जनावराला चालवू नये. तळव्याला फोड येतात, कातडी सुटते, त्यात खडी रुतते. शिवाय हत्तीला नखांच्या कडेची जागा सोडली तर घाम येत नाही. कान हलवून रक्त गार करणं, सावली, पाणी आणि चिखल एवढेच त्याचे उपाय. दुपारी चालणाऱ्या हत्तीला यातला कानाचाच काय तो उपाय उरतो.

लांबूनही ओळखता येतं. हत्ती एक पाय सारखा उचलून धरतो, वजन या पायावरून त्या पायावर टाकतो, नखाच्या वरची कडा सुजलेली किंवा ओली दिसते, वास येतो. रात्री तो आडवा होत नाही, कारण पुन्हा उठताना कळ येते. निरोगी हत्ती कुशीवर पडून झोपतो, त्यामुळे सकाळी त्याच्या एका कुशीला माती लागलेली असते. अनेक दिवस माती दिसली नाही तर समजावं की तो उभ्यानेच रात्र काढतोय.

उपचार म्हणजे रोजची निगा. पाय धुवायचा, भेगांतली घाण काढायची, कोमट जंतुनाशक पाण्यात वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवायचा, पशुवैद्याच्या देखरेखीखाली मेलेली कातडी खरवडायची, नखं कानशीने घासायची आणि मग कोरड्या मऊ मातीवर उभं करायचं. शेवटची पायरी चुकली तर आधीच्या सगळ्या वाया जातात. औषध लावून परत ओल्या फरशीवर बांधलेला हत्ती बरा होत नाही.

भाकरी, गूळ, केळी, पेढे दिले तर चालतात ना?

एखादं केळ किंवा उसाचं कांडं खाऊन हत्ती मरत नाही. पण प्रत्येक दाराशी भाकरी, गूळ, भात, पेढे मिळाले की पोट बिघडतं. हत्तीचं पोट काडीकचऱ्यासाठी घडलेलं आहे. खाल्लेल्यातलं निम्मंसुद्धा त्याला पचत नाही, म्हणून तो भरपूर आणि दिवसभर खातो. मोठ्या हत्तीला रोज १५० किलोच्या घरात हिरवा चारा लागतो: गवत, झाडाच्या फांद्या, साल, पाला. पिठूळ आणि गोड पदार्थांनी पोटात वायू धरतो, पोटशूळ उठतो, वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन परत पायांवरच येतं.

हिशेब लावून बघा. एका बैलाला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवा चारा लागतो. म्हणजे हत्तीला सहा-सात बैलांचा लागेल, तोही बारा महिने. नुसता कोरडा कडबा दिला आणि पाणी कमी पडलं तर आतडं गच्च होतं. वड, पिंपळ, उंबराच्या फांद्या, ऊस, मका, हत्तीगवत चालतं. कोवळी ज्वारी देऊ नका. जिच्यामुळे गुरांना किराळ लागते, ती हत्तीवर आजमावून पाहायची गरज नाही.

माहुताकडे कोणते कागद असायला हवेत?

हत्ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. पाळलेला असला तरी तो कायद्याने वन्यप्राणीच. माहुताला चार गोष्टी विचारा.

१. मालकी प्रमाणपत्र. हे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यावर मालकाचं नाव, हत्तीचं वर्णन आणि त्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक असतो.
२. वाहतुकीची परवानगी. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या हत्तीला ही लागतेच, आणि त्यात कुठून कुठे, किती काळासाठी हे लिहिलेलं असतं.
३. पशुवैद्याचा आरोग्य दाखला, ताज्या तारखेचा.
४. मिरवणूक, खेळ किंवा चित्रीकरणासाठी हत्ती वापरायचा असेल तर त्याची वेगळी नोंदणी आणि परवानगी.

बहुतेक वेळा पुढे येते ती लॅमिनेशन केलेली एक जुनी झेरॉक्स. तिच्यावरच्या हत्तीचं वर्णन समोरच्याशी जुळतं का ते बघा: नर की मादी, वय, उंची, सुळे, कानाची फाटलेली कड, शेपटीचा गोंडा. मादीच्या नावाच्या कागदावर नर फिरवला जातो आणि मेलेल्या हत्तीचा कागद जिवंत हत्तीवर चालवला जातो, म्हणूनच मायक्रोचिप आली.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर मालकी प्रमाणपत्र असलेल्या हत्तीचं ‘धार्मिक किंवा इतर कारणासाठी’ हस्तांतरण करता येतं. २०२४ च्या नियमांनी त्याची रीत ठरवून दिली: उपवनसंरक्षकाकडे अर्ज, पशुवैद्याची तपासणी, जागेची पाहणी, हत्तीच्या डीएनएची नोंद. ‘इतर कारण’ हे दोन शब्द फार सैल आहेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या फटीतून विक्रीला दान म्हणता येतं.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

वनविभागाची हेल्पलाइन १९२६. हत्ती बिथरला असेल, माणसांना धोका असेल तर आधी ११२.

फोन करण्याआधी हे जमवा: गाव, तालुका आणि रस्ता, हत्ती कुठल्या दिशेने चाललाय, वेळ, सोबत किती माणसं, मागे टेम्पो किंवा ट्रक असेल तर त्याचा नंबर. फोटो लांबूनच काढा, पण हे पाच नक्की घ्या: दोन्ही बाजूंनी पूर्ण हत्ती, समोरून चेहरा आणि कान, चारही पाय, साखळीची जागा, आणि जखम असेल तर ती. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, त्यात चाल आणि डोलणं दोन्ही येतं. मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, प्रत उपवनसंरक्षकाला, आणि पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या तालुक्यात तुमच्या तक्रारीला मागचा आधार राहत नाही.

चुका होतात त्या अशा. लोक आधी फेसबुकवर टाकतात, माहूत रातोरात जिल्हा ओलांडतो. काही जण माहुताला घेराव घालतात, गर्दीने हत्ती बिथरतो. काही जण साखळी सोडायला जातात, हे तर कधीच करू नका. हत्तीपासून निदान ५० फूट लांब राहा.

माहुतालाही पोट आहे. त्याचं काय?

आहेच. आणि तो बहुतेक वेळा मालक नसतो, परमुलखातल्या मालकाचा रोजंदारीवरचा माणूस असतो. हत्तीसोबतच उघड्यावर झोपतो, क्षयरोगासारखा आजार झाला तर औषधाचा कोर्स पुरा करायला एका गावी राहत नाही. हत्ती देखभाल केंद्रात हलवताना त्याच्या ओळखीचा माहूत काही महिने तरी सोबत ठेवावा, कारण हत्ती त्याचा आवाज ओळखतो, त्याच्याच हातचं खातो. तक्रारीत ही मागणीही लिहा.

वरातीत, जत्रेच्या मिरवणुकीत तासभर हत्ती आणला तर एवढं काय?

तो तास हत्तीसाठी कसा असतो ते सांगतो. हत्ती माणसाला ऐकू न येणारे खोल स्वर ऐकतो, २० हर्ट्झच्या खालचे, आणि जमिनीची थरथर पायांतून ओळखतो. डीजेचा जो ठोका आपल्या छातीत बसतो तो त्याला कानांनी आणि चारही पायांनी जाणवतो. वरून फटाके, डोळ्यांवर हॅलोजन, अंगाला ऑइल पेंट, पाठीवर अंबारी आणि तीत चार माणसं. हत्तीच्या कण्याच्या मणक्यांना वर उभी हाडं असतात. घोड्याच्या पाठीसारखी मऊ बैठक तिथे नाही. दोरखंड छातीखाली आणि शेपटीच्या मुळाशी कातडी सोलतात. झूल काढल्याशिवाय ते दिसत नाही.

नर असेल तर माज विचारात घ्या. डोळा आणि कान यांच्या मध्ये कानशिलावर काळपट ओघळ, मागच्या पायांवर लघवीचा सारखा ठिबका, उग्र वास दिसला तर तो मस्तीत आहे. ही अवस्था काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते आणि तेव्हा तो माहुतालाही जुमानत नाही. ओघळ पुसून, शेंदूर फासून हत्ती मिरवणुकीत आणल्याचे प्रकार घडतात.

देवाची शोभा कमी करा असं आम्ही म्हणत नाही. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिराने २०२३ साली उत्सवासाठी यांत्रिक हत्ती घेतला. कान, सोंड, शेपटी हलते, वर देवाची मूर्ती बसते. आपल्याकडे गणेशोत्सवात हलते देखावे करणारे कारागीर गावोगाव आहेत. ज्यांना ट्रॅक्टरवर डोंगर उभा करता येतो त्यांना हत्ती काय अवघड?

नांदणीची माधुरी वनताराला नेली ते योग्य झालं का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठात ही हत्तीण तीस वर्षांहून जास्त काळ होती. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तिला गुजरातेत जामनगरला, वनतारा या खासगी प्राणी देखभाल केंद्रात हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि अख्खा शिरोळ तालुका रडला. लोकांचं प्रेम खरं होतं. तिच्या पायांचं दुखणं, नखांची अवस्था आणि एकटेपण हे मुद्देही न्यायालयापुढे होते. आमचं मत विचाराल तर हत्ती कुणाचा यापेक्षा तो उभा कशावर आहे, हा प्रश्न आधी विचारावा. उपचाराची, मातीची आणि सोबतीची सोय गावाजवळ करता आली तर उत्तम. ती नसताना हत्ती तिथेच ठेवण्याचा आग्रह आम्हाला पटत नाही.

आमच्या देवस्थानाला हत्ती ठेवायचा आहे. काय काय लागेल?

आमचा सल्ला ठेवू नका असाच आहे. पण हिशेब मागितलाय तर घ्या. एकटा हत्ती नको, म्हणजे दोन लागतील. दोघांना मिळून रोज ३०० किलो हिरवा चारा. पिणं, अंघोळ आणि जागा धुणं धरून एका हत्तीमागे रोज हजार लिटर पाणी, म्हणजे महिन्याला दोघांचं साठ हजार लिटर. मातीची मोकळी जागा, झाडांची दाट सावली, चिखलाचा खड्डा, झोपायला वाळूचा ढीग. प्रत्येकाला माहूत आणि मदतनीस. हत्तीचा अनुभव असलेला पशुवैद्य, जो मराठवाड्यात सहज मिळत नाही. आणि हे साठ वर्षं, कारण हत्ती तेवढा जगतो.

आता मे महिन्यातलं आपलं गाव डोळ्यापुढे आणा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बोअर आटलेलं, टँकर चार दिवसांआड, अशा गावात दोन हत्तींना रोजचे दोन हजार लिटर कोण देणार?

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या हत्तिणी का गेल्या?

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली ठरवलं की प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत, ते वनविभागाच्या शिबिरांत हलवावेत. कारण जागा. काही गुंठ्यांच्या खंदकात हत्तीला चालताच येत नाही. लेकरांना हत्ती बघायला मिळत नाही याचं वाईट वाटतं, पण पिंजऱ्यातून हत्तीची जी ओळख होते ती हत्तीची नसते.

हत्ती माणसाळतो. मग तो गाय-बैलासारखा पाळीव का नाही?

गाय हजारो वर्षं निवडून, पैदास करून घडवली गेली. हत्ती मात्र पिढ्यान् पिढ्या रानातून पकडून आणला गेला. कर्नाटकात काकनकोटचा शेवटचा खेडा, म्हणजे रानहत्ती हाकून पकडायची मोहीम, १९७१ साली झाली. आज माणसाच्या ताब्यात जन्मलेलं पिल्लूही रक्ताने रानहत्तीच असतं. त्याला वाकवायला दोरखंड, उपासमार, झोप न देणं आणि अंकुश वापरतात. कानामागे आणि कपाळावर गोल जुने व्रण दिसले तर ते अंकुशाचे असतात.

२०१९ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या आकड्यानुसार देशात माणसाच्या ताब्यात २,४५४ हत्ती होते. सर्वांत जास्त आसाम आणि केरळात.

रानात हत्ती किती उरलेत?

२०१७ च्या गणनेत २९,९६४. पुढे २०२१ ते २०२५ या काळात विष्ठेतल्या डीएनएवरून अंदाज काढला, तो २२,४४६ आला. पद्धत वेगळी आहे, म्हणून साडेसात हजार हत्ती मेले असा त्याचा अर्थ लावू नका. जगातल्या आशियाई रानहत्तींपैकी निम्म्याहून जास्त भारतातच आहेत. हत्तीण सुमारे बावीस महिने गाभण असते, एकच पिल्लू देते आणि पुढचं चार-पाच वर्षांनी. त्यामुळे एक प्रौढ हत्तीण मेली की कळपातली तिची उणीव लवकर भरून निघत नाही.

महाराष्ट्रात रानहत्ती कुठे आहेत? मराठवाड्यात येतील का?

२००२ साली कर्नाटकातून सिंधुदुर्गात दोडामार्गकडे हत्ती उतरले, पुढे कोल्हापूरच्या चंदगड-आजऱ्याकडे वावरू लागले. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोलीत आला. दोन्हीकडे कारण तेच: खाणी, धरणं, रस्ते यांनी मूळचं जंगल तुटलं आणि जुन्या वाटा अडल्या. देशात अशा १५० वाटा, म्हणजे भ्रमणमार्ग, नोंदलेले आहेत. मराठवाड्याकडे सलग जंगल नाही, त्यामुळे कळप इथे येऊन राहील असं दिसत नाही.

रानहत्ती जास्त कशाने मरतात? शिकारीने?

शिकारीने नाही, विजेने. २०२० अखेरपर्यंतच्या साधारण अकरा वर्षांत अनैसर्गिक कारणांनी १,१६० हत्ती गेले. त्यात ७४१ विजेच्या धक्क्याने, १८६ रेल्वेखाली, १६९ शिकारीने आणि ६४ विषाने. माणसंही मरतात. देशात हत्तींमुळे दरवर्षी सुमारे पाचशे जीव जातात, बहुतेक सगळे गरीब शेतकरी आणि मजूर. हत्ती वाचवायचं बोलताना ही घरं विसरणारा माणूस आम्हाला आपला वाटत नाही.

विजेचे दोन प्रकार. एक, लोंबकळणाऱ्या तारा. हत्ती सोंड वर करतो, ती तारेला लागते. दुसरा, शेताच्या कुंपणात मुद्दाम सोडलेला करंट. ओल्या जमिनीवर ओल्या तळव्यांनी उभ्या जनावराला २३० व्होल्ट पुरेसे होतात.

आम्हीही रानडुकरं आणि रोह्यांसाठी तारेत करंट सोडतो. मध्ये बल्ब जोडला की धोका राहत नाही ना?

राहतो. पूर्ण राहतो. हे उत्तर शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

६० वॅटचा बल्ब मालिकेत जोडला तर तारेतून पाव अँपियरपर्यंत, म्हणजे सुमारे २६० मिलिअँपियर प्रवाह जाऊ शकतो. माणसाचं हृदय बंद पडायला १०० मिलिअँपियरच्या आसपास पुरतात. बल्बमुळे फ्यूज उडत नाही एवढंच, आणि ते तर आणखी वाईट, कारण माणूस चिकटला तरी वीज चालूच राहते. रात्री पाणी धरायला गेलेला शेतकरी, त्याचं लेकरू, शेजाऱ्याची म्हैस, कुणीही त्यात सापडतं. वन्यप्राणी मेला तर वन्यजीव कायद्याचा आणि माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो.

सौर झटका मशीन वेगळं काम करतं. व्होल्ट हजारांत असतात, पण झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहून लहान आणि दोन झटक्यांमध्ये निदान एक सेकंदाची उसंत. जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. घेताना आयएस ३०२ या भारतीय मानकाचं प्रमाणपत्र बघा. गावात जोडून दिलेली बिनछापाची पेटी घेऊ नका.

मशीन घेऊनही डुकरं आत येतात, त्याची कारणं बहुधा हीच:

अर्थिंग कमी. पाच-सहा फुटांच्या तीन सळया दहा-दहा फुटांवर ठोका आणि एकमेकींना जोडा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंग सुटतं आणि झटका लागतच नाही. सळया ओलीच्या जागी ठोका किंवा बुंध्याला पाणी घाला. माळाच्या मुरमाड जमिनीत कुंपणाच्या तारांपैकी एक तार अर्थिंगला जोडून घ्या. घराच्या किंवा महावितरणच्या अर्थिंगपासून या सळया ३३ फूट तरी लांब हव्यात.

गवत. खालची तार डुकरासाठी जमिनीपासून वीतभर उंचीवर लागते, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांत गवत तिला टेकतं. झटका गवतातून जमिनीत उतरतो. कुंपणाखालची पट्टी साफ ठेवा.

इन्सुलेटर म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे. उन्हाने ते फुटतात, पावसात गळती होते.

कुंपणाच्या दूरच्या टोकाला टेस्टर लावून बघा. तिथे चार-पाच हजार व्होल्ट मिळत नसतील तर दोष वरच्या तिन्हींपैकी एकात आहे. पिवळी पाटी लावा, आणि थेट लाइनची वायर मशीनच्या तारेला चुकूनही जोडू नका.

रेल्वेखाली मरतात ते कसं थांबवणार?

ईशान्य सीमा रेल्वेने रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तीच्या पावलांची थरथर पकडणारी ‘गजराज’ यंत्रणा बसवली आहे. फाटकांजवळ मधमाश्यांचा आवाजही लावतात. हत्ती मधमाशीला घाबरतो. पण रात्री गाडीचा वेग कमी करणं आणि रुळांच्या खालून किंवा वरून वाट ठेवणं हे जुने उपाय अजूनही सगळ्यात भरवशाचे आहेत.

फिरस्त्यांकडून हत्तीच्या केसाची अंगठी घेतली. आजोबांचा हस्तिदंती गणपतीही घरात आहे. गुन्हा आहे का?

अंगठी खरी असेल तर होय. शेपटीचा केस हासुद्धा अनुसूची १ मधल्या प्राण्याचा भाग आहे. खोटी असेल तर पैसे गेले. खऱ्या केसासाठी जिवंत हत्तीची शेपटी उपटली जाते, गोंडा नाहीसा होतो आणि त्याला माश्या हाकलता येत नाहीत. गजमोती म्हणून विकतात ती फसवणूक.

हस्तिदंताची वडिलोपार्जित वस्तू असेल तर तिचं मालकी प्रमाणपत्र घरात आहे का ते आधी शोधा. नसेल तर उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी कळवा. विकू नका, भेटही देऊ नका. आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही भारतात १९९१ पासून बंद आहे. अनुसूची १ च्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि निदान २५,००० रुपये दंड आहे.

आशियाई हत्तींत सुळे फक्त नराला येतात, तेही सगळ्या नरांना नाही. म्हणून शिकारीत नरच मरत गेले. केरळच्या पेरियारमध्ये एके काळी शंभरावर माद्यांमागे एक प्रौढ नर उरला होता. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १७ मध्ये जातककथेतल्या छद्दन्त या सहा सुळ्यांच्या हत्तीचं चित्र आहे. राणीच्या हट्टापायी त्याचे सुळे कापले जातात आणि ते बघून तिचंच काळीज फुटतं. त्याच लेण्यात राजाच्या गजशाळेत चारा न खाणारा मातृपोषक हत्ती आहे. रानात राहिलेल्या आंधळ्या आईसाठी तो उपाशी राहतो. लेकरांना अजिंठ्याला न्याल तेव्हा ही दोन चित्रं दाखवा.

सोंडेने आशीर्वाद घेतला. काही आजार होतो का?

होऊ शकतो. हत्तीला होणारा क्षय बहुतेक वेळा माणसाकडूनच लागतो, त्याच जंतूचा, आणि तो परत माणसाला देऊ शकतो. पुष्कळदा हत्ती खोकत नाही, नुसता खंगत जातो. सोंडेत सलाइन सोडून ते परत घेतात आणि तीन वेगवेगळ्या दिवशी तपासतात. अशी तपासणी झालेला हत्ती रस्त्यावर भेटणं अवघड. सोंड डोक्यावर घेतली असेल तर हात-तोंड साबणाने धुवा. महिनाभरात खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा आणि हत्तीचा संबंध डॉक्टरांना सांगा.

सहलीत केरळ, जयपूर, कर्नाटकला हत्तीवर बसवतात. जावं का?

बसू नका. बघायचंच असेल तर असं ठिकाण निवडा जिथे सवारी नाही, खेळ नाहीत, माणसं लांबून बघतात आणि हत्ती मनात आलं तर झाडांआड जाऊ शकतो. राज्यात गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात कमलापूरला वनविभागाचं हत्ती शिबिर आहे. नांदेड-किनवटकडून एका दिवसात पोचता येतं. निघण्याआधी वनविभागाला फोन करून शिबिर पर्यटकांसाठी खुलं आहे का ते विचारा. तिथेही फळं नेऊ नका आणि सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. पोचल्यावर आधी हत्तींचे पाय बघा.